लंडनची कॅथरीन, कौसानीची सरलाबेन

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत इतिहासावरचा लेख म्हटला की तो बहुधा पानिपताचा असतो. रोहिलखंडात राहणाऱ्या मराठी माणसाला ते साहजिकच आहे. पानिपतावर अब्दालीच्या बाजूने लढलेल्या हाफिज रहमतखानाची कबर तर आपल्या बरेलीतच आहे. यंदा मात्र लढाईचा विषय बाजूला ठेवून एका बाईच्या आयुष्याचा इतिहास सांगावा असे मनात आहे. ही बाई मराठी नव्हती. ती लंडनमध्ये जन्मली, काही वर्षे आपल्या वर्ध्याला राहिली आणि आयुष्याची शेवटची चाळीस वर्षे कुमाऊंच्या डोंगरात काढून तिथेच गेली. आपल्या विभागाचे रूळ काठगोदामला संपतात. तिथून पुढे अल्मोडा, सोमेश्वर करीत सव्वाशे किलोमीटरच्या वर घाट चढला की कौसानी लागते. आपल्यापैकी बरेच जण मे महिन्यात कुटुंबासह तिथे जाऊन त्रिशूळ आणि नंदादेवीची बर्फाची शिखरे बघून आले असतील. त्याच कौसानीत या बाईंचे घर होते. त्यांचे नाव सरलाबेन.

हा विषय निवडण्याचे आणखी एक कारण आहे. आपण सगळेच इथे बाहेरून आलेलो आहोत. कोणी बदलीवर आला आणि रमला, कोणाच्या आजोबांनी इथे घर बांधले. तरी वीस-वीस वर्षे झाल्यावरही किराणा दुकानात "आप लोग कहाँ से हैं?" हा प्रश्न चुकत नाही. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण आपल्या मनात दर वेळी तोच विचार येतो, की बाहेरून आलेला माणूस त्या गावचा होतो तरी कधी? आपली निवृत्ती जवळ आली की हा प्रश्न फारच खरा होतो. गावी परतायचे, पुण्याला मुलाकडे जायचे, की इथेच राहायचे? सरलाबेनचे आयुष्य मी वाचले ते याच प्रश्नापायी.

आपल्याच शहरात परकी

कॅथरीन मेरी हाइलमन हिचा जन्म ५ एप्रिल १९०१ रोजी लंडनच्या पश्चिम भागातील शेफर्ड्स बुश येथे झाला. आई इंग्रज. वडिलांचे घराणे मूळचे जर्मन-स्विस. शांततेच्या काळात याचे कोणाला काही वाटले नसते. पण १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि इंग्लंडमध्ये जर्मन आडनाव असणे हाच गुन्हा ठरू लागला. कॅथरीनच्या वडिलांना सरकारने स्थानबद्ध केले. शाळेत तिला वाळीत टाकल्यासारखे वागवण्यात आले आणि हक्काची शिष्यवृत्ती नाकारली गेली. त्यामुळे तिचे शिक्षण लवकर थांबले आणि ती कारकुनीच्या नोकरीला लागली.

म्हणजे ज्या शहरात ती जन्मली, जिथली भाषा तिची आईची भाषा होती, त्याच शहराने तिला तेराव्या-चौदाव्या वर्षी सांगितले की तू आमची नाहीस. पुढे ज्या गोष्टी तिने केल्या त्यांचे मूळ इथे असावे असे मला वाटते. स्वतःवर अन्याय झालेली माणसे दोन प्रकारची होतात. काही कडवट होतात, तर काहींना दुसऱ्यावरचा अन्याय चटकन दिसू लागतो. कॅथरीन दुसऱ्या प्रकारातली निघाली. लंडनमध्ये तिची काही भारतीय विद्यार्थ्यांशी ओळख झाली. त्यांच्याकडून तिने गांधीजी आणि स्वातंत्र्याची चळवळ यांविषयी ऐकले. आपल्याच देशाचे राज्य दुसऱ्या देशात काय करते आहे हे तिला कळले आणि तिने भारतात जायचे ठरवले.

जानेवारी १९३२ मध्ये तिने इंग्लंड सोडले. काळ कसा होता पाहा. गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतलेल्या गांधीजींना ४ जानेवारी १९३२ रोजी मुंबईत अटक होऊन येरवड्याच्या तुरुंगात ठेवले होते. देशभर धरपकड चालली होती. अशा वेळी तीस वर्षांची एक इंग्रज बाई एकटी या देशात आली. त्यानंतर ती पुन्हा इंग्लंडला राहायला गेली नाही.

उदयपूर आणि वर्धा

सुरुवातीची काही वर्षे तिने उदयपूरच्या विद्या भवन या शाळेत काम केले. डॉ. मोहनसिंह मेहता यांनी १९३१ साली काढलेली ही शाळा त्या काळात नव्या विचारांची म्हणून ओळखली जाई. पण तिला खेड्यात काम करायचे होते. उदयपूरहून ती गांधीजींकडे वर्ध्याला आली.

इथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो. जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने गांधीजी वर्ध्याला आले होते आणि १९३६ साली जवळच्या सेगाव खेड्यात राहू लागले. हेच पुढे सेवाग्राम झाले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि 'नई तालीम'ची कल्पना पुढे आली. मुलाने हाताने काम करावे, त्या कामातूनच गणित, भूगोल, विज्ञान शिकावे, आणि शिकलेला माणूस गावाला नकोसा होऊ नये, असा तिचा थोडक्यात अर्थ. डॉ. झाकिर हुसेन त्या समितीचे अध्यक्ष होते. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामात हे शिक्षण प्रत्यक्षात आणले. कॅथरीन या कामात गुंतली. गांधीजींनी तिला 'सरला' हे नाव दिले आणि तेव्हापासून ती सरलाबेन झाली.

मात्र वर्ध्याचा उन्हाळा तिला सोसला नाही. आपल्या मंडळातल्या वैदर्भीय मित्रांना मे महिन्यातली वर्ध्याची दुपार मी काय सांगावी! त्यात मलेरियाने तिला पुन्हा पुन्हा गाठले. शेवटी गांधीजींच्या संमतीने सरलाबेन थंड हवेच्या कुमाऊंत आल्या. हा १९४०-४१ चा सुमार. कौसानी गांधीजींना माहीत होती. १९२९ साली ते तिथे राहिले होते आणि गीतेवरच्या 'अनासक्तियोगा'चे काम त्यांनी तिथे केले होते. ते राहिले ते ठिकाण आज अनासक्ती आश्रम म्हणून प्रवासी पाहतात.

गोऱ्या माणसाचा डोंगरातला लौकिक

सरलाबेन आल्या त्या डोंगरात गोऱ्या माणसाचा लौकिक कसा होता, हे ठाऊक असल्याशिवाय त्यांच्या कामाची किंमत कळणार नाही. म्हणून थोडे मागे जावे लागेल.

इंग्रजी अमलात कुमाऊंमध्ये 'कुली बेगार'ची पद्धत होती. साहेब दौऱ्यावर निघाला, शिकारीला आला, की त्याचे सामान एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामावर वाहून नेणे गावकऱ्यांवर बंधनकारक असे. कोणाच्या घरून कोणी जायचे याच्या नोंदी गावप्रमुखाच्या वहीत असत. पेरणीचे दिवस असोत की घरात आजारी माणूस असो, पाळी आली की जावेच लागे. साहेबाच्या मुक्कामाला दूध, धान्य, सरपण पुरवायचे ते वेगळेच. १९२१ च्या जानेवारीत मकरसंक्रांतीच्या उत्तरायणी जत्रेत बागेश्वर येथे बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने हजारो लोक जमले आणि बेगारीच्या या वह्या त्यांनी शरयू नदीत फेकून दिल्या. बेगार तिथेच संपली. बागेश्वर कौसानीहून फार लांब नाही. आज तर कौसानी बागेश्वर जिल्ह्यातच मोडते.

सरलाबेन या प्रदेशात आल्या तेव्हा या घटनेला जेमतेम वीस वर्षे झाली होती. पाठीवर साहेबाचे ओझे वाहिलेली माणसे गावोगाव जिवंत होती. त्यांच्या दारात एक गोरी बाई जाऊन उभी राहणार आणि म्हणणार, तुमच्या मुली माझ्याकडे शिकायला पाठवा! लोकांनी संशयाने पाहिले असेल तर त्यात त्यांचा काय दोष?

शिवाय डोंगरातला गावगाडा फार घट्ट विणलेला. नाती, जाती, देवस्थाने, पाण्याच्या पाळ्या, जंगलातले हक्क, सगळे पिढ्यानपिढ्या ठरलेले. त्यात नव्या माणसाला जागा सहज मिळत नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेलासुद्धा ती कष्टाने मिळवावी लागते. सरलाबेनना तर माहेरही नव्हते आणि सासरही.

१९४२ ची परीक्षा

ही जागा त्यांना मिळाली ती १९४२ साली. 'छोडो भारत'ची हाक आली आणि कुमाऊंचे डोंगर पेटले. अल्मोडा जिल्ह्यात सालम, देघाट, सल्ट अशा ठिकाणी लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. कर्ते पुरुष तुरुंगात गेले. दंडापायी घरातली भांडीकुंडी आणि गुरे जप्त होऊ लागली. मागे राहिल्या त्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले.

सरलाबेन या घरांकडे गेल्या. तुरुंगात गेलेल्या माणसांच्या घरी पायी फिरून त्यांनी विचारपूस केली, मदत पोचवली, एका गावची खबर दुसऱ्या गावाला दिली. डोंगरातले पायी फिरणे म्हणजे काय, हे रूळ तपासत चालणाऱ्या आपल्या ट्रॅकमनलाही वेगळे सांगावे लागेल, कारण आपला रूळ निदान सपाट तरी असतो! सरकारने त्यांना स्थानबद्धतेचा हुकूम बजावला. त्यांनी तो मोडला. त्यांना शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांनी पुन्हा तेच केले आणि पुन्हा शिक्षा झाली. अल्मोडा आणि लखनौच्या तुरुंगात मिळून त्यांनी जवळजवळ दोन वर्षे काढली.

गावकऱ्यांनी पाहिले ते एवढेच, की इंग्रजांच्या तुरुंगात एक इंग्रज बाई गेली आणि ती आमच्या घरच्या माणसांपायी गेली. त्यानंतर तिला कोणी मेमसाहेब म्हणण्याचा प्रश्न उरला नाही. ती 'बहनजी' झाली.

लक्ष्मी आश्रम

तुरुंगात गेलेल्या माणसांच्या घरी फिरताना सरलाबेनना डोंगरातली बाई जवळून दिसली. कुमाऊंतला पुरुष नोकरीसाठी, फौजेसाठी खाली मैदानात उतरतो आणि घर मनीऑर्डरीवर चालते, ही पद्धत आजची नाही. मागे शेती बाईच करते. नांगरणी तेवढी पुरुषाची, बाकी सर्व तिचे. पहाटे उठून पाणी, मग जंगलातून चारा आणि सरपण, मग शेत, मग चूल. डोंगराचा सगळा संसार जिच्या पाठीवर, तिला अक्षरओळख नाही आणि पंचायतीत आवाज नाही. सरलाबेनच्या मनाने घेतले की काम सुरू करायचे तर इथून करायचे.

१९४६ साली कौसानीत त्यांनी कस्तुरबा महिला उत्थान मंडळ स्थापन केले. कस्तुरबा दोनच वर्षांपूर्वी, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना वारल्या होत्या. त्यांचे नाव संस्थेला दिले. जागा एका स्थानिक गृहस्थाने दिली आणि त्याच्या पत्नीच्या नावावरून ते ठिकाण लक्ष्मी आश्रम म्हणून ओळखले जाऊ लागले. इंग्लंडहून आलेल्या बाईने काढलेल्या संस्थेला कस्तुरबांचे नाव आणि आश्रमाला गावच्या एका गृहिणीचे नाव! स्वतःचे नाव कुठेही नाही. आपल्याकडे पाण्याच्या टाकीवरही देणगीदाराचे नाव तारखेसह कोरलेले असते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

सुरुवातीला मुली मिळणे अवघड होते. मुलगी शाळेत गेली तर चारा कोण आणणार, हा आईबापांचा प्रश्न खोटा नव्हता. सरलाबेनचे उत्तर नई तालीमचेच होते. आश्रमात मुली शिकत, आणि शेती, गाई, स्वयंपाक, सूतकताई, स्वच्छता ही कामेही स्वतः करत. शिकून गावात परतलेली मुलगी कामाला निरुपयोगी झाली असे कोणाला म्हणता येऊ नये, उलट तिला माती, गुरे, आजारपण, हिशोब यांतले अधिक कळावे, असा तो अभ्यासक्रम होता. त्यातून नुसत्या साक्षर मुलींबरोबरच गावात उभे राहून बोलणाऱ्या कार्यकर्त्या तयार झाल्या.

यांतली एक विमला नौटियाल. १९५६ साली सुंदरलाल बहुगुणांशी लग्न करताना त्यांनी अट घातली की राजकीय पक्ष सोडून खेड्यात राहून काम करायचे. बहुगुणांनी ती मान्य केली आणि दोघांनी टिहरीतील सिल्यारा येथे आश्रम काढला. 'चिपको'मुळे जगभर पोचलेले बहुगुणांचे नाव आपल्याला माहीत असते. त्यामागे कौसानीच्या आश्रमात शिकलेल्या एका मुलीची अट होती, हे फारसे माहीत नसते.

जंगल आणि आपण रेल्वेवाले

आता थोडे आपल्या खात्याविषयी. काठगोदाम या नावाचा अर्थच लाकडाचे गोदाम. डोंगरात तोडलेले लाकूड तिथे साठवले जाई. १८८४ साली रेल्वे तिथपर्यंत पोचली आणि लाकूड नेणे आणखी सोपे झाले. रूळ टाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की एका किलोमीटरला दीड हजारांहून अधिक स्लीपर लागतात. आज ते काँक्रीटचे असतात. पण एकोणिसाव्या शतकात देशभर हजारो मैल रूळ पडले ते लाकडावर, आणि लाकडी स्लीपर काही वर्षांनी कुजतो, मग नवा घालावा लागतो. १८६४ साली सरकारने वन खाते उभे केले त्यामागे रेल्वेला लाकूड पुरवण्याची गरज हे मोठे कारण होते. साल आणि देवदार हवे तसे मिळेनासे झाल्यावर चीडच्या लाकडाला तेल पाजून तेही वापरात आणले गेले. चीडच्या झाडाला खाचा पाडून राळही काढत. तिच्यापासून टर्पेंटाइन बनवणारा मोठा कारखाना आपल्या बरेलीजवळ सी. बी. गंजला होता. जुन्या मंडळींना तो आठवत असेल.

याचा डोंगरातल्या बाईशी काय संबंध? तिथले मूळचे बांजाचे, म्हणजे ओकचे, जंगल तिच्या उपयोगाचे होते. बांजाचा पाला गुरे खातात, त्याच्या मुळांशी ओलावा टिकतो, झरे वाहते राहतात. चीडचा पाला गुरे खात नाहीत. खाली पडलेल्या सुया उन्हाळ्यात भडाभड पेटतात. सरकारच्या दृष्टीने चीड मोलाची आणि बांज बिनकामाचा. गावाच्या दृष्टीने नेमके उलट. चीड वाढत गेली तसा चारा आणि पाणी यांसाठी बाईला रोज जास्त चालावे लागले. सरकारी वह्यांत जंगल तितकेच राहिले तरी बाईच्या पायांना फरक कळत होता.

सरलाबेनना हा हिशोब समजला, कारण त्या या बायकांमध्ये राहत होत्या. १९६१ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली उत्तराखंड सर्वोदय मंडळ उभे राहिले. बायकांची संघटना, दारूबंदी, जंगलावर आधारलेले छोटे उद्योग आणि जंगलावरचे गावाचे हक्क ही त्याची कामे होती. साठीच्या दशकात डोंगरातल्या बायकांनी दारूच्या दुकानांविरुद्ध आंदोलने केली, त्यात या मंडळाच्या कार्यकर्त्या होत्या. १९७३ साली चमोली जिल्ह्यात चिपको सुरू झाले आणि २६ मार्च १९७४ रोजी रेणी गावात गौरादेवी आणि तिच्या सोबतिणींनी झाडांना हात लावू दिला नाही. चिपकोचे श्रेय त्या गावच्या बायकांचे, चंडीप्रसाद भट्टांसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांचे आहे. ते सरलाबेनच्या पदरात टाकण्याचे कारण नाही. पण बायकांनी एकत्र जमावे, सरकारी माणसासमोर बोलावे, ही सवय डोंगरात लागली होती, आणि ती लावण्यात कौसानीच्या बहनजींचा वाटा मोठा होता. पुढे १९८०-८१ मध्ये हजार मीटरच्या वर व्यापारी वृक्षतोडीवर पंधरा वर्षांची बंदी आली.

खुर्ची सोडणे

सरलाबेनच्या आयुष्यातली मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट यापुढची आहे.

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला अल्मोडा भागातली राधा भट्ट नावाची तरुण मुलगी आश्रमात आली. लग्न न करता काम करायचे हे तिने ठरवले होते. ती शिकली, शिकवू लागली, पदयात्रांना गेली. १९६६ साली सरलाबेननी आश्रमाची जबाबदारी राधाबहन यांच्यावर सोपवली. सरलाबेन तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या आणि हिंडत्याफिरत्या होत्या. वीस वर्षांपूर्वी मोजक्या मुली घेऊन स्वतः काढलेली संस्था त्यांनी डोंगरातल्याच मुलीच्या हाती दिली आणि त्या बाहेर पडल्या. बिहारमध्ये विनोबांच्या भूदानाच्या कामाला गेल्या. १९७२ साली चंबळच्या डाकूंनी जयप्रकाशजींसमोर शस्त्रे ठेवली, त्यानंतर त्यांच्या कुटुंबांमध्ये जाऊन त्यांनी काम केले. १९७५ च्या सुमारास त्या डोंगरात परतल्या, पण आश्रमात कायमच्या न राहता पिठोरागडकडच्या धरमघर येथे एका लहान घरात राहू लागल्या आणि हिमालयाच्या जंगल-पाण्यावर लिहीत राहिल्या.

मंडळात, सोसायटीत, संस्थेत काम केलेल्या कोणालाही विचारा. संस्था काढणे सोपे, ती वाढवणे कठीण, आणि चालती संस्था दुसऱ्याच्या हाती देऊन तिच्यात लुडबूड न करणे सर्वांत कठीण. राधाबहन यांनी पुढे आश्रम अनेक वर्षे चालवला, गांधी शांती प्रतिष्ठानचे अध्यक्षपद भूषवले आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. निवड बरोबर होती याला आणखी काय पुरावा हवा?

१९७९ साली सरलाबेनना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. वर्ध्याच्या जमनालालजींचे नाव असे पुन्हा त्यांच्या आयुष्यात आले. आपले आत्मचरित्र त्यांनी हिंदीत लिहिले. इंग्रजीत ते नंतर भाषांतर होऊन आले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांच्या आत्मचरित्राचे इंग्रजीत भाषांतर करावे लागले, यावरून त्या कोणासाठी लिहीत होत्या ते कळते.

८ जुलै १९८२ रोजी वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी सरलाबेन गेल्या. त्यांच्यावर कौसानीला लक्ष्मी आश्रमात हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. योगायोग असा की गांधीजींच्या दुसऱ्या इंग्रज शिष्या मीराबेन त्याच महिन्यात, २० जुलैला, ऑस्ट्रियात वारल्या. मीराबेन १९२५ मध्ये आल्या, त्यांनीही तुरुंगवास सोसला, ऋषिकेश आणि गढवालकडे काम केले आणि १९५९ मध्ये त्या युरोपला परतल्या. दोघींत थोर कोण, असली तुलना मी करणार नाही. परत जाणाऱ्याचे प्रेम कमी असते असेही नाही. आपले किती तरी सहकारी निवृत्तीनंतर सांगलीला, अकोल्याला गेले आणि अजून फोनवर बरेलीच्या पावसाची चौकशी करतात. सांगायचे एवढेच की दोन्ही वाटा खऱ्या आहेत आणि सरलाबेननी राहण्याची निवडली.

आपल्यापुरते

सरलाबेनच्या कामाने डोंगराचे सगळे प्रश्न सुटले असे म्हणणे खोटे होईल. २०११ च्या जनगणनेत अल्मोडा आणि पौडी या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या जनगणनेपेक्षा कमी भरली. काठगोदामच्या फलाटावर पाठीला सॅक लावून दिल्लीची गाडी पकडणारी तरुण मुले मी रोज पाहतो. चीडची जंगले अजून दर उन्हाळ्यात पेटतात. ज्या डोंगरात लंडनहून एक बाई राहायला आली, तिथली मुले बाहेर निघाली आहेत. त्यांना दोष देता येत नाही. आपण तरी काय केले?

मग बाहेरून आलेला माणूस गावचा कधी होतो? सरलाबेनच्या आयुष्यावरून मला दिसते ते असे. भाषा शिकल्याने दार उघडते, पण आत घेतले जाते ते गावाच्या वाईट दिवसांत आपण कुठे होतो यावरून. १९४२ साली त्या कैद्यांच्या घरी गेल्या नसत्या, तर पुढे कोणी मुली पाठवल्या नसत्या. आणि त्या गावच्या पुरत्या झाल्या त्या १९६६ साली, आपले सर्वस्व गावच्या मुलीच्या हाती देऊन मोकळ्या झाल्या तेव्हा. पाहुणा कधी किल्ल्या सोपवत नाही, कारण त्याच्याकडे किल्ल्या नसतातच. किल्ल्या सोपवतो तो घरचा माणूस.

आपल्या मंडळाच्या मांडवात आता शेजारच्या वस्तीतली मुले येतात. त्यांना आरती आपल्या मुलांपेक्षा जास्त पाठ आहे. झांजा तेच वाजवतात. त्यांतले एक-दोघे उद्या समितीत येऊ द्यावेत, सजावटीचा किंवा विसर्जनाचा भार त्यांच्यावर टाकावा, अशी माझी सूचना आहे. उत्सव मराठीच राहील, काळजी नसावी. पण आपली बदली झाली, आपण गावी गेलो, तरी इथे गणपती बसत राहील.

आणि पुढच्या वेळी कौसानीला जाल तेव्हा सूर्योदयाचे फोटो काढून झाल्यावर लक्ष्मी आश्रमाचा रस्ता विचारा. बाजारापासून तो दूर नाही. आश्रम आजही चालू आहे, डोंगरातल्या मुली आजही तिथे शिकतात, आणि रस्ता कोणीही सांगेल.